मोठ्यांची बॅच

गुरुदास : ...आणि काही खाऊन येऊ नका. पोदेराच्या पावाचे दोन गरम उंडे हाणून कुंगफूला उभे राहाल, तर पाचव्या मिनिटाला इथेच ओकाल. मागच्या वर्षी एका बँकेतल्या साहेबांनी तो पराक्रम केला. सगळी सतरंजी मी धुतली.

धाकू : उपाशी येतलंय, सर. आजय उपाशीच इलंय.

गुरुदास : पुरतं ऐकून घ्या, धाकूभाऊ. चाळिशी उलटल्यावर जो येतो त्याला हे मी आधीच सांगतो, नंतर कुरकुर नको. पोरांशी बरोबरी करायची नाही. त्यांचे पाय डोक्यापर्यंत जातात, तुमचे कमरेपर्यंत गेले तरी पुष्कळ झालं. पहिले दोन महिने नुसतं उभं राहायचं आणि श्वास घ्यायचा. लाथ नाही, ठोसा नाही. तिथेच निम्मे लोक कंटाळून पळतात.

धाकू : मी पळूचंय नाय.

गुरुदास : सगळे असंच म्हणतात. उभे राहा बघू. पाय फाका, घोड्यावर बसल्यासारखे. वाका. अजून... अहो, डावा गुडघा कुठे चाललाय?

धाकू : तो तसोच आसा. वीस वर्सां क्लच दाबलोय तेना. खाणीवरसून बंदरार, बंदरारसून परत खाणीर. दिसाक किती खेपा झाल्यो ता बगी, गुडघ्याक कोण इचारता!

गुरुदास : आणि आता खाणी बंद, वेळ जात नाही, म्हणून सर्वण गावाहून चालत माझ्याकडे आलात?

धाकू : असाच समजा. वरस झाला, ट्रक दारात उभो आसा. चाकांत तण वाडला. सर, माका पयला पडूक शिकवा.

गुरुदास : पडणं तिसऱ्या महिन्यात.

धाकू : ताच पयला. बाकीचा शिकवलास नाय तरी चलात.

गुरुदास : अजब आहे. डिचोलीत पंधरा वर्षं शिकवतोय, येणाऱ्या प्रत्येकाला मारायला शिकायचं असतं. पडायला शिकवा म्हणणारे तुम्हीच पहिले. शर्ट वर करा जरा. मघाशी वाकताना कुशीला हात लावलात तुम्ही.

धाकू : काय नाय ता. केबिनीतसून उतरताना पडलंय.

गुरुदास : वर्षभर उभ्या असलेल्या ट्रकातून? वर करा म्हणतो ना! ...हे पडल्याचं नाही. हे तळहाताने मारलंय, बरगडीच्या खाली, बोटं मागे ओढून. हा हात मी आजवर चौघांना शिकवलाय, धाकूभाऊ. त्यातला एक तुमच्या घरात राहतो.

धाकू : तेका काय बोलू नकात.

गुरुदास : सिद्धेशने? बापावर हात टाकला? ज्याला मी माझ्यामागे हा वर्ग सांभाळ म्हणून सांगितलं, त्याने? आत्ता येईल तो बॅच घ्यायला. आज त्याला उंबरा ओलांडू देत नाही.

धाकू : आदी माजा ऐका. दसऱ्याक ट्रकाक फुलां घातलंय. नारळ फोडलंय. दर वर्साक करतंय, ह्या वर्सा कसा सोडू? मगे सोरो घेतलंय. जरा जास्तच घेतलंय. बायल माजी, सत्यवती, म्हणाली, फुलां कित्याक नासतास, आता भंगारवाल्याक बोलव. माजो हात सुटलो तिच्यार. पयल्यांदा नाय, सर. पण ह्या वेळेक झिल मदी इलो. एकच मारल्यान. माका श्वास घेवक जमना.

गुरुदास : असं आहे तर. तुम्ही बायकोला मारणार, मुलगा मध्ये पडणार, आणि त्याचा पुढचा ठोसा सोसता यावा म्हणून मी तुम्हाला पडायला शिकवायचं! असली शिकवणी मी घेत नाही. निघा तुम्ही.

धाकू : जातंय. एक गजाल सांगतंय आनी जातंय. तेचो पयलो पिवळो पट्टो. हरवलो म्हणान तेना तुमका सांगल्यान.

गुरुदास : आठवतं. दहा वर्षांचा होता. पट्टा हरवणं म्हणजे काय, हे कळावं म्हणून सगळ्यांसमोर शंभर बैठका काढायला लावल्या मी. पोरगा रडला नाही.

धाकू : हरवूक नव्हतो. गणितात नापास झालो म्हणान तेच पट्ट्यान मी तेका बडवलंय. दुसऱ्या दिसा तेना तो चुलीत घातल्यान.

गुरुदास : आणि मी त्याला वर शिक्षा केली.

धाकू : तुमका काय म्हायती?

गुरुदास : पट्ट्याचं नाही, पण माराचं माहीत होतं! पाठीवरचे वळ मी बघितले होते. विचारलं नाही. बापाच्या मारात मास्तराने पडू नये, असली अक्कल होती तेव्हा. भ्यालो होतो मी, दुसरं काय. ...बसा. आणि आता खरं सांगा, का आलात?

धाकू : दसऱ्यापासून तो माज्याशी बोलणा नाय. एक शब्द नाय. मी जेवक बसलंय की तो उठता. मी सोप्यार इलंय की तो भायर. सकाळची मोठ्यांची बॅच तो घेता म्हणान कळला. शिकवूचा झाला तर बोलूक तरी लागतला ना? पाय असो ठेव, हात वर धर. तितक्याय माका पुरे.

गुरुदास : आणि पडायचं मनात कसं आलं?

धाकू : दोन दीस खिडकीतसून बगी होतंय. पडूक शिकवताना तो माणसाचो हात धरता.

गुरुदास : दारू?

धाकू : त्या दिसापासून नाय. पण ह्या माजा सांगणा. इश्वास ठेवू नकात.

गुरुदास : नाहीच ठेवत. आणि वहिनींवर पुन्हा हात उचललात तर?

धाकू : झिल आसा ना मदी.

गुरुदास : तो आहे म्हणून नाही उचलणार, हे काही उत्तर नव्हे.

धाकू : दुसरा उत्तर आजून नाय माज्याकडे. खोटा कित्याक सांगू?

गुरुदास : निदान एवढं तरी खरं बोललात. पण तुमचं नाव मी लिहून घेणार नाही. ते तो ठरवील. आलाच बघा.

(सिद्धेश दारात स्कूटर लावून आत येतो आणि जागच्या जागी थबकतो. मागोमाग पाचसहा पोक्त माणसं चपला काढून, जांभया देत हॉलमध्ये शिरतात.)

गुरुदास : सिद्धेश, मोठ्यांच्या बॅचला एक नवे आलेत. घ्यायचं की नाही ते तू सांग. नाही म्हणालास तर मी का म्हणून विचारणार नाही.

सिद्धेश : आपण कधी कुणाला परत पाठवलंय, सर?

गुरुदास : त्या पिवळ्या पट्ट्याचं मला आज कळलं रे. मी तेव्हा—

सिद्धेश : सहा वाजले, सर. लोक उभे आहेत.

धाकू : सिद्धू...

सिद्धेश : चपला बाहेर काढून या, काका. मागच्या रांगेत उभे राहा, भिंतीकडे. माझ्याकडे बघायचं नाही, समोर बघायचं.

गुरुदास : अरे, बाबा आहेत ते तुझे!

सिद्धेश : या बॅचला सगळे काकाच आहेत, सर.

धाकू : ऱ्हावंदे, सर. बोललो तो. बोललो ना?

सिद्धेश : काका, बोलणं पुरे. तुम्ही एकटेच राहिलात. रांगेत या.

धाकू : होय, सर.