कोणीतरी, काहीतरी, कुठेतरी

जबाब देणार : अकोसुवा दुफी, वय ५७ वर्षे, धंदा शिक्षिका, राहणार पामतेलाच्या घाण्यामागे, आसुबोन्ती.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. आसुबोन्तीच्या प्राथमिक शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवते. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. माझ्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नव्हती. जबाब लिहून घेणारे सार्जंट डोन्कोर माझ्याच हाताखाली शिकले असून त्यांचं स्पेलिंग अजून तसंच आहे, हेही लिहावं असं मी म्हटलं. त्यांनी लिहिलं आहे.

सहावीच्या खोलीचं छप्पर मागल्या वर्षी वादळात गेलं. कुमासीत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनी नवे पत्रे पाठवले. जानेवारीत ट्रक आला तेव्हा मुलांनीच ते उतरवले, मी तिथे उभी होते. पुढच्या सोमवारी पत्रे जागेवर नव्हते. मी हेडमास्तर श्री. क्वाबेना आसियामा यांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाले, "चौकशी चालू आहे." तिसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, तुमच्या निवृत्तीला किती राहिली?" त्यानंतर मी विचारलं नाही.

तेव्हापासून सहावीचा वर्ग रस्त्याकडेच्या आंब्याखाली भरतो. फळा खोडाला टेकवलेला असतो. ढग आला की शाळा सुटते. या टर्मला अशी अकरा दिवस सुटली.

काल मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी अनिश्चित सर्वनामं शिकवायला घेतली. त्या आठवड्याला तोच धडा येतो. हे मी ठरवलेलं नाही, राजधानीत ठरतं. फळ्यावर इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. त्यांचा अर्थ असा : कोणीतरी काहीतरी कुठेतरी नेलं. सगळ्यांना माहीत आहे. कोणीच काही बोलत नाही. ज्याचं नाव माहीत नसतं, किंवा माहीत असून घ्यायचं नसतं, त्याला इंग्रजीत समवन म्हणतात, असं मी मुलांना सांगितलं. एव्हरीबडी म्हणजे अख्खं गाव, तरी त्याला क्रियापद एकट्याचं लागतं, हेही सांगितलं. एका मुलीने विचारलं, असं का? मी म्हटलं, गावाला विचार.

याच वेळी मक्याची उकडलेली केंकी विकणारी मामे पोकुआ डोक्यावरचं घमेलं उतरवून फळ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बाई, जरा मोठं लिहा की, माझी नजर अधू आहे." तिला वाचता येत नाही. तरी ती पोटभर हसली आणि स्टँडकडे गेली. दहा मिनिटांत स्टँडवरचे दोन ड्रायव्हर फळा बघायला आले.

हे आकुतिया होतं का, असं सार्जंटांनी विचारलं. आकुतिया काय असतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, पण वरचे साहेब किनाऱ्याकडचे आहेत म्हणून लिहावं : नाव न घेता हाणायचं, लेकी बोले सुने लागे. माझ्या आईने शेजारणीसाठी कुत्रा पाळला होता. त्याचं नाव 'केलेलं विसरलीस'. आई त्याला दिवसातून वीसदा हाक मारायची. शेजारणीने नऊ वर्षं मान वळवली नाही, कारण वळली असती तर नाव तिचं झालं असतं. या प्रकारात नियम एवढाच आहे. ज्याला लागलं त्याने गप्प बसायचं. काल ते आकुतिया होतं की नाही, हे लागलेल्यालाच विचारावं.

नऊ चाळीसला श्री. आसियामा पायात चपला न घालता आले. म्हणाले, "पुसा ते."

मी म्हटलं, "कोणतं वाक्य, सर?"

"मॅडम, मी काही मूर्ख नाही."

"तसं वाक्य फळ्यावर नाही, सर."

मुलं हसली. श्री. आसियामा म्हणाले, "दुपारपर्यंत माफी लिहून द्या, नाहीतर शुक्रवारी सरोवरापलीकडे बदली. मग बसा होडीतून पेन्शनच्या खेपा घालत." मी विचारलं, "कशाची माफी लिहू?" ते म्हणाले, "माझ्याबद्दल लिहिलंत त्याची." मी म्हटलं, "तुमच्याबद्दल कुठे काय लिहिलंय, सर?" ते तडक ठाण्याकडे निघून गेले. फळा मी पुसला नाही. साडेदहाला पाऊस आला, त्याने पुसला.

आज ठाण्यात त्यांची लेखी तक्रार मला वाचून दाखवली. तीत ते म्हणतात की आपण बेचाळीस पत्रे नेले हा आरोप खोटा आहे, पत्रे तीसच होते, आणि ते सुरक्षित राहावेत म्हणूनच मेव्हण्याच्या कोंबड्यांच्या शेडवर ठोकले आहेत.

तरी मी नमूद करते की, फळ्यावर कोणाचं नाव नव्हतं. पत्र्यांचा उल्लेख नव्हता, आकडा नव्हता, कोंबड्या तर नव्हत्याच. कोण, काय आणि कुठे, या तीनही जागा मी रिकाम्या सोडल्या होत्या. त्या श्री. आसियामा यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात भरल्या आहेत. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला एवढं जमलं नव्हतं. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते.

'माझा कोणावर राग नाही' असं शेवटी लिहितात, ते लिहू का, असं सार्जंटांनी विचारलं. लिहू नका. माझा राग आहे. पोरं भिजतात आणि कोंबड्या कोरड्या बसतात, याचा मला फार राग आहे. माफी मी लिहून देणार नाही. बदली झाली तर होडीत बसेन.

हा जबाब सार्जंटांनी मला त्वी भाषेत वाचून दाखवला. स्पेलिंग सोडून तो मी सांगितला तसाच उतरला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. सही करत असताना बाहेरच्या बाकावरून कोणीतरी दुसऱ्यांदा विचारत आहे की दिलेली तक्रार मागे घेता येते का. त्याचं नाव मी घेतलेलं नाही.