चार मीटरवरचा उकंडा

...नाही, तुम्हीच सांगा जी, माणूस काय मापाच्या टेपवर उभा राह्याची चीज हाय? तीन दिवस उभं केलं मले! बाभुळगावच्या या जिनात, कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, बावीस वर्षं झाले, मी सरकीचे पोते हातगाडीवर ओढून राह्यलो, कोनाच्या पायावर कधी चाक नाही गेलं. आन् आमचे मालक नागोराव, त्यायनं पोते ओढाले नागपूरहून बिनमाणसाची गाडी आनली. गाडी म्हंजे काय, चार चाकाचा डबा, पुढं दोन गोल डोये. डोयातून आवाज सोडते म्हने, आपल्यावर आपटून वापस गेला का तिले समजते समोर कोनी हाय, मंग थांबते. तिले म्हने समजते! ते चाचनीत पास झाली का हा उकंडा, म्हंजे मी, घरी. हे मालकानंच हासत सांगतलं, वरून म्हने, "उकंडा, तूच उभा राह्य तिच्यापुढं." म्हंजे आपल्या तेरवीचं जेवन आपनच वाढा.

तिच्यासंगं इंद्रजीत नावाचा इंजिनेर आलता. फरशीवर टेप लावून खडूच्या रेघा मारे आन् नाकातून बोले, "अंकल, चार मीटरवर या. अंकल, हलायचं नाही." पहिल्या दिवशी गाडी जागची हालेना. चार घंटे यानं स्क्रू खोलले. मंग आमची कांताबाई, कापसातला कचरा वेचते ते, हळूच म्हने, "भाऊ, म्या सकाळी पूजा केली नं, तो हार तिच्या डोयापुढं लोंबून राह्यला." हाराले माणूस समजून उभी होती बया. तिले म्हने समजते!

दुसऱ्या दिवशी हार काढला. पत्रा ठेवला, चार मीटरवर थांबली. खुर्ची ठेवली, थांबली. इंद्रजीत सोता उभा राह्यला, थांबली. मालकानं टाया वाजवल्या आन् मी माह्या हातगाडीकडं पाह्यलं, खोटं कायले सांगू? मंग मले बोलावलं. मी सकाळपासून जिनात, डोक्यापासून पायापर्यंत कापसाच्या रुईनं भरेल, थंडीची गोधडी आंगावर. चार मीटर... तीन... दोन... "हलू नका अंकल, ती थांबतेच!" थांबली नं. माह्या नडगीवर आपटून थांबली.

तिसऱ्या दिवशीही तेच, फक्त नडगी दुसरी. तवा इंद्रजीत म्हने, "कापूस आवाज गिळतो, अंकल." अरे लेका, हे जिन हाय! इथं भिंतीले कापूस, पंख्याले कापूस, मांजरीच्या मिशीले कापूस, आन् तू कापूस सोडून सगळं दिसनारी गाडी इथं आनली? दुपारी ते रुईच्या गंजीत घुसली ते घुसलीच, मी चाकाले धरून बाहेर ओढली. तिले म्हने समजते!

मले वाटलं, वाचलो, आता हे वापस जाते. पन नागोराव आपली वस्तू वापस करतीन काय? त्यायनं उपाव काढला. जिनातल्या सगळ्यायच्या छातीवर-पाठीवर पत्रा बांधला, कांताबाईच्याही. आता गाडीले सगळे दिसतात. एक गेला का दुसरा आडवा येते, पत्रा दिसला का थांबते, दिवसभर जागेवर उभी. आन् सरकी? सरकी मीच ओढून राह्यलो जी, पहिल्यासारखी. फक्त आता पाठीवर पत्रा हाय, आन् ते उभी राहून पाह्यते.