आधी ओटे, मंग रस्ता

कौशल्याबाई : तुयं सारं खरं असंल मंदा. पन ती तुमची इंजिनेर मॅडम उद्या आमच्या पवनीचा बाजार खोदाच्या कामाले येऊन राहिली, अन् बाजारात बसनाऱ्या साऱ्याजनी मायाच तोंडाकडं पाहून राहिल्या. उठाचं का बसूनच राहाचं, ते मले सांगाचं हाये. म्हनून तर पयल्या बसनं भंडाऱ्याले आली. चांगली हाये, चांगली हाये म्हनून नाही होत. तिनं केलं काय, ते सांग.

मंदाबाई : सांगतो ना आक्का. आधी टेका इथं, ओट्यावर. गिऱ्हाईक आलं तर रंजू पाहून घेईन, सून हुशार हाये मायी. हे पाहा, तुमाले आठवते का, तुमची माय, म्हंजे मायी सासूबाई, पयले कुठं बसे मासोळ्या घेऊन?

कौशल्याबाई : नाही आठवत का? पान्याच्या टाकीजवळ. मी लहान होती तवा तिच्या बाजूले बसून झिंगे निवडत होती.

मंदाबाई : तिथून उठवलं तिले. म्हने, रस्ता होऊ दे बाई, मंग तुयी जागा तुलेच. रस्ता झाला, अन् तिच्या जागेवर दुकानाची चाळ उभी झाली. मी लगन होऊन आली तवा सासूबाई निंबाच्या झाडाखाली नालीच्या काठानं बसत. पन त्या चाळीपुढून जाची वेळ आली का तोंड फिरवून जात. मरेपर्यंत तसंच.

कौशल्याबाई : ते नोको सांगू मले. मायच्या मनातलं मले ठाऊक हाये.

मंदाबाई : म्हनूनच सांगून राहिली. तर मागच्या साली गोठ निघाली का चौक सारा नवा करनार. सिमेटचा रस्ता, जमिनीखालून नाली, लोकाईले बसाले बाकं. अन् आमाले म्हने, काम होतवर दूर मैदानात जाऊन बसा. तिथं गाई चरतेत, गिऱ्हाईक कोन येते? मी म्हनलं, नाही जात. खोदाची मशीन आली तर मी तिच्यापुढंच टोपली मांडली. मायामागं साऱ्याजनी बसल्या. साहेब लोक आले, गरम झाले, निघून गेले. पोलीस बोलावतो म्हनत होते. दुपारून ही मॅडम आली. रत्नमाला मेश्राम. नगरपरिषदेत इंजिनेर म्हनून नवीनच आली होती.

कौशल्याबाई : कोनती हाये, नागपूरची?

मंदाबाई : नाही वो, कोंढा गावची, तुमच्याच तिकडची. तिची माय लोकाईच्या बांधीत धान रोवन्याले जाये, अजून जाते म्हने. आपल्यासारखीच बोलते. ती आली, उन्हात उभी राहिली, आमच्या साऱ्याईचं आयकून घेतलं. मी सासूबाईची गोठ सांगतली. मले वाटलं, आता म्हनंल का मी शब्द देतो.

कौशल्याबाई : बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. आमच्याकडं बी साहेब लोक असाच शब्द देऊन गेले होते.

मंदाबाई : तेच तर, आक्का. तिनं शब्द देल्लाच नाही. मले म्हनली, "मावशी, शब्द तुम्हाले आधी बी देल्ला होता, म्हनून मी देत नाही. काय केलं म्हंजे तुम्ही मनानं उठाल, ते सांगा." असं मले आजवर कोनी इचारलं नव्हतं. मी रागात होती, जे तोंडात आलं ते बोलली. म्हनलं, आमचे ओटे आधी बांध. आमी त्याच्यावर जाऊन बसतो, मंग तू सारा बाजार खोद.

कौशल्याबाई : अन् ती हो म्हनली?

मंदाबाई : नाही. मंग म्हनली का पाहतो, अन् निघून गेली. आमाले वाटलं, गेली ही बी.

कौशल्याबाई : मंग?

मंदाबाई : मंग मशीन चौकातून हालली. ती कोंडवाड्याची जुनी जागा होती ना, हे आपन बसलो हाओ ते? इथं नकाशात कारंजं होतं. रंगीत दिवे लावून पानी उडवनार होते. तिनं म्हनलं, कारंजं कोनाच्या पोटात जात नाही. आधी इथं ओटे, वर छप्पर, खालून पानी जाले नाली. ठेकेदारानं कामच बंद करून ठेवलं, म्हने असं उलटं काम मी जनमात नाही केलं. मोठ्या साहेबानं तिले बोलावून खूप सुनावलं. ते आमाले तिनं नाही सांगतलं, हापिसातल्या झाडूवालीनं सांगतलं. ती आत गेली तशीच बाहेर आली, अन् ठेकेदाराले म्हनली का बाया दोनदा उठवशील तर दोनदा भांडन होईन, आता करशील तर एकदाच. सरतेशेवटी ओटे झाले. आमी टोपल्या उचलून स्वतः चालत आलो, आक्का. कोनी उठवलं नाही आमाले.

कौशल्याबाई : हूं.

मंदाबाई : काय हूं?

कौशल्याबाई : तुले ओटा भेटला, मंदा. ज्याले भेटते तो गुन गातेच. ज्याचं बुडालं तो काय म्हनते, ते आयकाले पायजे मले.

मंदाबाई : मंग चाला. समोर ते भांड्याचं दुकान हाये ना, वासुदेवरावाचं? तेईच्याइतक्या शिव्या तिले साऱ्या बाजारात कोनी देल्ल्या नसंन. तेईलेच इचारा. रंजू, वजनाकडं ध्यान ठेव वो, मी आली.

(दोघी नवा रस्ता ओलांडून वासुदेवरावांच्या पितळी भांड्यांच्या दुकानापाशी येतात.)

मंदाबाई : शेटजी, हे मायी ननंद, पवनीची. मॅडमची आता तिकडं बदली झाली ना. तिथला बाजार बी खोदनार हायेत. कशी बाई हाये म्हनून इचाराले आली.

वासुदेवराव : बसा बाई. मंदाबाई, तुम्ही पण बसा, पायरी तुमचीच आहे. विचारा, काय विचारायचं ते.

कौशल्याबाई : तुमचं नुकसान झालं म्हनते.

वासुदेवराव : झालं ना. खोटं कशाला बोलू? या मासोळीवाल्यांचे ओटे आधी बांधले, तिथंच वेळ गेला. मग आमच्या बाजूची नाली खोदायला घेतली ती नेमकी लग्नसराईच्या तोंडावर. आंदणाची भांडी वर्षातून तेव्हाच जातात. मी तिला याच पायरीवरून, भर बाजारात, काय वाटेल ते बोललो. म्हटलं, तुझ्या घरचं लग्न असतं तर कळलं असतं. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिची एक रीत होती. रोज संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या दुकानांतून फिरायची आणि उद्या कुठं खोदणार ते स्वतः सांगायची. कोणी तोंड फिरवलं तरी सांगून पुढं जायची.

कौशल्याबाई : सांगून खड्डा थोडाच बुजते?

वासुदेवराव : नाही बुजत. पण मला सांगा, आजवर आपल्याला कोणी सांगितलं होतं? सकाळी दुकान उघडायला यावं तर समोर खड्डा, असंच तर आपण पाहत आलो. आणि एक दिवस तर जेसीबीनं पिण्याच्या पाण्याची मोठी लाईनच फोडली. साऱ्या बाजारात चिखल. ठेकेदाराची माणसं गायब. ही बाई चिखलातून दारोदार आली. मला म्हणाली, "काका, चूक आमची आहे. लाईन कुठून जाते ते आम्ही नीट पाहिलं नाही. कधी दुरुस्त होईल ते मला आज माहीत नाही. माहीत होताच पहिलं तुम्हाला सांगेन." चूक आमची आहे, असं म्हणणारं सरकारी माणूस मी या वयापर्यंत पाहिलं नव्हतं हो.

मंदाबाई : ते भांड्याची गोठ सांगा ना.

वासुदेवराव : ती तुम्ही सांगा. मला लाज वाटते.

मंदाबाई : लाज कायची, शेटजी? आक्का, तेईच्या दुकानापुढं एवढी खोल नाली. फळीवरून मानूस कसातरी जाये, पन हातगाडी नाही जाये. लगनवाले लोक पलीकडून पाहत अन् दुसरीकडं जात. मॅडमनं खोदनं थांबवलं, लोखंडी पत्रे टाकतो म्हनली, पन पत्रे तुमसरवरून याचे होते. तवा ती आमच्याकडं आली. म्हनली, "मावशी, मी हुकूम नाही करत. तुमाले जमंल का, एवढं इचारतो." बस.

कौशल्याबाई : काय जमंल का?

मंदाबाई : लगनाची भांडी, गुंड, घंगाळ, कोपर, सारं डोक्यावरून पलीकडं न्याले. आमाले सवय, ओल्या काठावरून टोपली घेऊन चालाची. पन शेटजीच्या पायरीवर आमच्या टोपलीचं पानी टपकलं तरी हे बादली ओतून पायरी धूत, हे तर साऱ्या बाजाराले ठाऊक. आमच्यातली उषाबाई म्हनली, मी नाही जात. मी म्हनलं, आमाले आधी भेटलं हाये, त्याच्यात शेटजीची वेळ गेली हाये. हे बी खरं हाये का नाही? मंग उषाबाईनंच पयली चुंबळ डोक्यावर ठेवली.

वासुदेवराव : मी गल्ल्यावर बसून पाहत होतो. माझं नवं कोरं पितळ यांच्या डोक्यांवरून उन्हात चाललं होतं. एकीचा पाय घसरला नाही, एका भांड्याला पोचा आला नाही. पलीकडं नवरीची आई उभी होती, ती म्हणाली, वरातच निघाली जशी. चहा सांगितला सगळ्यांसाठी. कपबशा घरातून आणल्या, आमच्या प्यायच्या. पत्रे येईपर्यंत रोज हे चाललं.

कौशल्याबाई : अन् नुकसान?

वासुदेवराव : भरून कोणी दिलं नाही. भरून देतो असं ती म्हणालीही नाही. सराई निम्मी गेली, ती गेलीच. तिच्याबद्दल गोड गोड ऐकायला आला असाल, तर हेही ऐकून जा. तुमच्याही तिकडं त्रास होईल. धूळ खाल, गिऱ्हाईक जाईल, पोरं खोकतील. तो त्रास तिच्यानं टळणार नाही. पण कोणावर किती पडतो, ते ती रोज येऊन पाहील. मी तर एवढंच पाहिलं.

कौशल्याबाई : मंग बदली काहून झाली तिची? एवढी चांगली होती तर ठेवली काहून नाही?

मंदाबाई : कोनी म्हनते बढती झाली, कोनी म्हनते कारंज्याचा राग काढला. तिले इचारलं तर हासली. चौकाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी मोठमोठे लोक मंचावर होते. ती खाली, मागच्या रांगेत होती. नाव बी नाही घेतलं कोनी. शेटजीच उठले मंग मधातून.

वासुदेवराव : उठलो, पण बोलता कुठं आलं मला? तिच्याकडं बोट केलं फक्त. बाजारातले लोक वळून पाहायला लागले. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

कौशल्याबाई : (वळून पाण्याच्या टाकीजवळच्या दुकानांच्या चाळीकडं पाहते.)

मंदाबाई : काय झालं आक्का?

कौशल्याबाई : काही नाही. मायची याद आली. तिले बी कोनी असं इचारलं असतं, का बाई, तू कशी उठशील, तर बरं झालं असतं.

मंदाबाई : आता साऱ्याजनींले काय सांगाल?

कौशल्याबाई : उठा म्हनून नाही सांगत. बसून राहा असंबी नाही सांगत. आमच्या बाजाराची गोठ वेगळी हाये, आमाले ओटे नाही, सावली पायजे अन् बसथांब्याकडची वाट उघडी पायजे. ते आमचं आमी बोलू तिच्यासंगं.

वासुदेवराव : उन्हात येईल ती. कोंढ्याकडच्या शेतातली पोर आहे, उभ्यानंच बोलत राहील.

कौशल्याबाई : उभी कायले राहीन? मी सरकून जागा देतो ना.