हनूसाठी दहावा माणूस

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, शाळा समितीची मंडळी, शिक्षक बंधुभगिनींनो, आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आणि आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या मिलकाबाई किहीमकर,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी गणिताचा मास्तर, त्यातून या शाळेचा माजी मुख्याध्यापक, तेव्हा पाचाची दहा झाली तर अध्यक्षांनी घंटा वाजवावी. मी ऐकेनच असं नाही.

बाईंनी एकतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. नाशकातली निम्मी माणसं बाईंच्या हाताखालून शुद्धलेखन शिकली. आता पुढच्या आठवड्यात त्या इस्रायलला लेकीकडे कायमच्या जाताहेत. हे सगळं मानपत्रात आहेच, छान अक्षरात. मला बोलायचंय ते मानपत्रात नाही.

बाईंचा मुलगा हाननेल. आपल्या सगळ्यांचा हनू. वडील तो तान्हा असतानाच गेले, तेव्हा घरात आई, बहीण आणि हा. माझ्या वर्गात खिडकीशी बसायचा. वरून विमान गेलं की कार्ट्याचं लक्ष संपलंच! एकदा मी वैतागून ओरडलो, "एवढी हौस आहे तर जा ना, बस त्यात!" आणि तो खरंच गेला हो. हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर झाला. गणवेशात पहिल्यांदा शाळेत आला तेव्हा माझ्या पाया पडला. म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं होतंत." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाईच्या पाचव्या दिवशी, त्याचं विमान परत आलं नाही. तार आली. तारेत 'बेपत्ता' असं होतं. बावीस वर्षांचा होता.

आता माझी चूक सांगतो. आम्ही तार वाचली आणि जे आपल्याकडे करतात ते केलं. हनूचा फोटो मोठा करून आणला, हार घातला, उदबत्ती लावली, पटांगणात शोकसभा बोलावली. सगळं मी केलं, अगदी मनापासून केलं. बाईंना विचारावं, एवढं मात्र सुचलं नाही. बाई आल्या. शांतपणे पुढे झाल्या, हार काढला, घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सर, माझा मुलगा हरवलाय. गेलेला नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात आपला शिपाई पुंजा पुढे झाला. "बाई, इमान पडलं म्हंजी मानूस बी पडला असं नाय. येईल आपला हनू." त्या दिवशी आम्हा शिकलेल्यांपेक्षा पुंजाला जास्त कळलं.

मग बाई नवस बोलल्या. त्यांच्या बेने इस्रायल या ज्यू समाजात एलियाहू हनाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस करतात. पोहे, गूळ, खोबरं, फळं. हनू घरी आला की मलिदा. अकरा वर्षं झाली, मलिदा झाला नाही. मध्ये दिल्लीहून पत्र आलं, आता त्याला मृत समजावं म्हणून. बाईंनी ते तसंच परत पाठवलं.

गेल्या सोमवारी बाई माझ्या घरी आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "सर, आता मलिदा नको. कद्दीश हवा." कद्दीश म्हणजे त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. मी म्हटलं, "बाई, आता का?" त्या म्हणाल्या, "मी वाट बघत बसले, म्हणून त्याच्यासाठी कुणी प्रार्थनाच केली नाही. आई असून मी पोराला अकरा वर्षं ताटकळत ठेवलं." आणि मग त्या रडल्या. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.

या प्रार्थनेला त्यांच्या धर्माचे दहा पुरुष लागतात. मी म्हटलं, मुंबईत प्रार्थनाघरात सहज मिळतील. बाई ऐकेनात. "हनू नाशिकचा. शाळेच्या पटांगणात खेळला. त्याचं नाव इथंच घेतलं जाऊ दे." मी म्हटलं, मग दहावा मला धरा! त्यावर रडता रडता हसल्या. "सर, तुम्ही चालत नाही. पण येऊन बसा."

चार दिवस मी आणि पुंजा फिरतोय. इगतपुरीच्या रेल्वेतले चौघे, देवळालीचे तिघे, नाशिकरोडचे दोघे. झाले नऊ. पुण्याचे एक गृहस्थ येणार होते, त्यांची आज दुपारी तार आली. आजारी आहेत.

उद्या रविवार, सकाळी आठ वाजता, याच पटांगणात. संध्याकाळी बाईंची मुंबईची गाडी आहे.

अध्यक्ष महाराज, घंटेवरचा हात क्षणभर थांबवा. इथं एवढी माणसं बसली आहेत. कुणाच्या कचेरीत, कुणाच्या आळीत, निफाडला, येवल्याला, कुठंही एखादा ज्यू माणूस ओळखीचा असेल, तर चहाला जाण्याआधी मला येऊन सांगा. मी स्वतः आणायला जाईन.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. निरोपाच्या सभेत असं गाऱ्हाणं मांडलं, बोलण्यात काही कमीजास्त झालं, ते पोटात घाला. पण उद्या नऊच जमले, तर बाई बेपत्ता मुलाची आई म्हणूनच विमानात बसतील.