तोरण बांधलेली भिंत

घरं आकाशातून येतात हे खोटं वाटत असेल, तर नाशिक रोडला आमच्या कॉलनीत या. जुन्या इमारती पाडल्यावर आता कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती ट्रेलरवरून येतात, चौकटीसकट. क्रेन त्या उचलून जागेवर बसवते.

आमच्या हिचं एकच म्हणणं होतं, "चौकटीची पूजा झाल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही."

इंजिनिअर म्हणाला, "काका, तुमचा चहा होईपर्यंत आमची भिंत वर गेलेली असते. पूजा खालीच उरका."

म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रेलरवरची पहिली भिंत आमचीच समजून हिने चौकटीला हळदकुंकू लावलं, आंब्याचं तोरण बांधलं. क्रेनने भिंत उचलली. ती संथ डुलत निघाली. दारात ढग येऊन थांबल्यासारखे दिसत होते आणि वर तोरण हलत होतं. ही हात जोडून बघत राहिली. देवावर फारसा विश्वास नसलेला मीही बघत राहिलो.

भिंत तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या जागेवरून पुढे तरंगत गेली आणि शेजारी गायधनींच्या घराला बसली. नळाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून हिचं गायधनीबाईंशी बोलणं बंद आहे.

"अहो, थांबवा ना त्याला!"

"काकू, तुमची भिंत उद्या येईल," इंजिनिअर म्हणाला.

ही वर बघतच मला म्हणाली, "उद्या दुसरं तोरण आणा. आणि गायधनींच्या वास्तुशांतीला मी जाणार."

"बोलावलं तर."

"आपणच पुजलेल्या दारातून आत जायला बोलावणं कशाला लागतंय?"