बेसोक येते, बाय

पटलंच नाय हो कुणाला! घरात एवढी माणसं, पण मी पोरीला खोटं बोलले नाय ह्यावर एकाचा पण विश्वास नाय! तुमाला सांगते, लगीन झाल्यापासून पनवेलच्या बाजारात मच्छी विकते, शिळ्या बांगड्याला ताजा कधी बोलले नाय, मंग सख्ख्या नातीला खोटं बोलेन? पण नाय... आता ती फोनवर माझं तोंड बघत नाय. सुनंदाचं बघते! सुनंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ, पोरीची चुलत आजी, आणि पोर तिला बोलते 'नेनेक'! नेनेक म्हणजे आजी. मंग मी कोण? मी जळत नाय हां, नुसतं सांगते.

तर झालं असं... आमचा पोरगा जीवन बोटीवर कामाला, त्याने बायको केली तिकडचीच, इंडोनेशियाची, वुलान नाव, सुराबायाला राहते, गुणाची हाय, मासे आमच्याहून जास्त खाते, माझी काय तक्रार नाय. पण नात रोशनी, तीन वर्षांची, मराठीतलं अक्षर कळत नाय! दर रविवारी फोनवर आमी दोघी एकमेकींना नुसत्या बघायचो, काचेच्या टाकीतला मासा बघावा तशा. आणि ही सुनंदा! बारावी शिकलेली! फोन वाजला की गाऊन सावरत वरच्या मजल्यावरून खाली, आणि सुरू, 'आपा काबार, सायांग?' कशी हायस राणी, म्हणे! मोबाइलवर शिकली. पोर खिदळते, हात नाचवते, आणि मी मागे उभी, हार घातलेल्या सासऱ्यांच्या फोटोसारखी!

मंग मी पण पदर खोचला. चौथी शिकले म्हणून काय झालं? गिऱ्हाइकाशी हिंदी बोलते, भांडायची वेळ आली तर गुजराती पण बोलते! वुलानला सांगितलं, मला शिकव. ती काय बोलली ते जीवनने बोटीवरून फोन करून मराठीत सांगितलं, 'आई, आधी वेळेचे शब्द शिक, पोर दिवसभर कधी-कधी हेच विचारते.' झालं! बाजारात मच्छीच्या पाटीपुढे बसून पाठ. सकारांग म्हणजे आत्ता, आत्ता आलेली कोलंबी. कमारिन म्हणजे काल, कालचा बोंबील, तो मांजरीला. नांती म्हणजे मग, मग देते सुट्टे. बेसोक म्हणजे उद्या, उद्या आणते पापलेट. बाजूची गंगाबाई बोलते, 'अगो, तुला वारं लागलंय काय?' लागूंदे!

आणि एका रविवारी पोर विचारते, 'नेनेक, कापान दातांग?' आजी, कधी येशील? माझ्याकडे बघून हां, सुनंदाकडे नाय! आणि मला कळलं हो! मी तोंड उघडते तोवर ही मधे, 'नांती, सायांग, नांती.' मग येऊ, म्हणे! अहो, 'मग या' हे आपण वर्गणीवाल्याला सांगतो, नातीला कुणी सांगतं? पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी सुनंदाला कोपराने सारलं आणि छाती ठोकून बोलले, 'बेसोक!' काय टाळ्या वाजवल्या पोरीने! काय नाचली! आणि सुनंदाचं तोंड? करपलेली भाकरी! मी जळत नाय हां, नुसतं सांगते.

मंग काय, दर रविवारी ती 'कापान', मी 'बेसोक'. आपल्यात कुणी 'कधी येतेस' विचारलं तर काय बोलतो आपण? पळस्प्याची माझी बहीण शांती विचारते, मी बोलते, उद्या येते गो. ती काय माझा भात टाकून वाट बघत बसते? बोलायचं असतं तसं! माणसाचं मन राहतं!

पण ती पोर... जीवन सुट्टीवर सुराबायाला घरी गेला आणि त्याचा फोन. 'आई, काय सांगितलंस तिला? रोज सकाळी उठते, बूट घालते, दारात बसते. जेवायला उठवलं तर उठत नाय. आजी उद्या येणार बोलली, म्हणते.' आणि फोन तिच्यासमोर धरला, तर तिने पायातला बूट काढला आणि मारला फेकून फोनवर! माझी नात हाय, नेम चुकला नाय... आणि गेली आत रडत. मंग सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला, हळूच बोलली, 'बलूम, सायांग... बलूम.' अजून नाय, राणी, अजून नाय. आली की हो पोर बाहेर! तिच्यासाठी आली! आणि हे बलूम मला कुणी शिकवलंच नव्हतं!

आता सगळे माझ्यावर. जीवन बोलतो, आई, तू खोटं बोललीस. सुनंदा बोलते, 'ताई, मुलांना खरं सांगावं.' आणि आमचे हे! खाटेवर पडून क्रिकेट बघता बघता बोलतात, 'लहान पोरीला उद्या-उद्या करून फसवू नये गो.'

ऐकलंत?! पोर जन्मली तेव्हापासून मी ह्यांच्या मागे, पासपोर्ट काढा, जाऊन येऊ. 'उद्या जाऊ.' फोटो काढून ठेवलेत, त्या फोटोत माझे केस काळे हायत! तेव्हाच्या तेव्हा परत विचारलं, पासपोर्टला कधी जायचं? टीव्हीवरची नजर नाय काढली, बोलले, 'उद्या.' मंग मी वेगळं काय केलं? मला घरात जे सांगतात तेच मी तिकडच्या भाषेत सांगितलं! पोरीने नुसते बूट घातले, मी तर बॅग भरून बसलेय!

हां, जळते! सुनंदावर जळते, त्या मेल्या बलूमवर पण जळते! पण दोष सुनंदाचा नाय. दोष कुणाचा ते बोलायचं तर नाव घ्यावं लागेल, आणि ते नाव मी आजवर उखाण्याशिवाय घेतलेलं नाय. आज घेते, बिनउखाण्याचं...

बळीराम!