दंड कुणाच्या नावावर

कोरेगावच्या स्टँडवर साताऱ्याची एसटी अजून लागली नव्हती. आबेदाच्या पाठीमागच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचे दीर बोलत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर येत होतं.

"भावजी, तुमच्या शिवतेजचा तिकडं परदेशातल्या नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला का?"

"अडकलाय वहिनी. गाडी जोरात पळवल्याचा दंड हाय त्याच्या नावावर."

"एवढ्याशा दंडानं अडतंय व्हय?"

"दंडानं न्हाई. गाडी सूनबाई चालवत हुती. त्यानं, मीच हुतो म्हणून लिवून दिलं."

"मग काय बिघडलं? बायकूला पुढं करायचं का?"

"त्यानं लिवायच्या आधी मीबी त्याला फोनवर हेच म्हणलो. घरच्या बाईचं नाव पोलिसात जाऊ देऊ नगंस. पर तिकडं असं खोटं लिवून देनं ह्यो दंडापेक्षा लय मोठा गुन्हा हाय."

"आन् आता वं?"

"चौकशीला बोलावलं हुतं. सायबानं इचारलं, असं लिवायला तुला सांगितलं कुणी?"

एसटी लागली. लोक दाराकडं धावले. आबेदा पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"मग तुमचं नाव सांगितलं त्यानं?"

"न्हाई."

"मग?"

"म्हणला, माज्या मनानंच लिवलं."